आगाऊ तारीख

सिंधूताईंच्या दारालगतच्या भिंतीवर, जमिनीपासून चारेक फुटांवर, निळ्या रंगात एक चौकट छापलेली आहे. तिच्या चौथ्या ओळीत चौदा सप्टेंबर ही तारीख आहे. पुढे ‘भांडी ३’, ‘अळ्या निरंक’ आणि माझी सही. अक्षर माझं आहे. चौदा सप्टेंबरला मी त्या घरी गेले नव्हते.

चिचवाडी नागपूरहून कळमेश्वरकडे जाताना लागते. काही वर्षांपूर्वीपर्यंत तिथे ग्रामपंचायत होती, आता नगरपंचायत आहे. एमआयडीसीत कामाला जाणारी कुटुंबं भाड्याने राहतात. खोल्या लहान, छतं पत्र्याची, आणि जवळपास प्रत्येक खिडकीत कूलर. प्राणिशास्त्रात बी.एस्सी. झाल्यावर एम.एस्सी.चा प्रवेश माझा हुकला होता. जुलैत नगरपंचायतीने सहा जणांना कंत्राटावर घेतलं, त्यात मी होते. पदाचं नाव ब्रीडिंग चेकर. घरोघर जाऊन साठलेलं पाणी बघायचं, डेंग्यूच्या डासाच्या अळ्या दिसल्या तर ते उपसायला लावायचं, उपसता येण्यासारखं नसेल तर त्यात औषध टाकायचं आणि भिंतीवरच्या चौकटीत नोंद करायची, एवढं काम.

हा डास चांगल्या पाण्याजवळ अंडी घालतो. अगदी पाण्यात नाही, पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, भांड्याच्या कडेला. कोरड्यात ती अंडी महिनोन्महिने टिकतात आणि पाणी वर चढलं की फुटतात. कूलर त्याला सगळ्यात सोयीचा. आमच्याकडे एप्रिलात खिडकीत बसलेला कूलर ऑक्टोबरचं ऊन सरेपर्यंत तिथून हलत नाही. मधले पावसाचे दिवस त्याच्या टाकीत पाणी नुसतं उभं असतं.

सिंधूताई भिवापूरची मिरची आणून घरीच चक्कीवर दळून तिखट विकत. नवरा गेल्याला बरीच वर्षं झाली होती. घरात त्या आणि त्यांची मुलगी करिष्मा, दोघीच. करिष्मा वीस वर्षांची, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. मी दारात आले की तिखटाने मला शिंका सुरू होत. ती दाराच्या चौकटीला टेकून त्या मोजत राही. पहिल्या फेरीत सहा झाल्या, दुसऱ्या फेरीत चार. चार झाल्यावर तिने मायला सांगितलं की ताई आता आपल्या गावची होऊन राहिली.

तिला अळ्यांचं भारी कुतूहल होतं. पहिल्या फेरीत मी त्यांच्या कूलरमधलं पाणी पांढऱ्या वाटीत घेऊन तिला माझ्या भिंगातून दाखवलं. अळी पाण्याच्या पृष्ठभागाला डोकं खाली करून लटकते आणि शेपटीकडच्या नळीने श्वास घेते, हे तिला फार आवडलं. दुसऱ्या फेरीला तिने मला विचारलं, पगार अळीमागे मिळतो की घरामागे. मी म्हटलं, घरामागे. मग अळीमागे मागा, ती म्हणाली, चिचवाडीत लखपती व्हाल.

पहिल्या फेरीत शंभरपैकी एकतीस घरांत अळ्या सापडल्या. दुसरीत अठरा, तिसरीत नऊ. हे आकडे मी स्वतः काढले होते आणि त्यांचा मला अभिमान होता. काम लागू पडत होतं.

आता त्या चौथ्या ओळीबद्दल. आमचा पगार वरून आलेल्या अनुदानातून होता, आणि ते दोन हप्त्यांत मिळायचं होतं. दुसऱ्या हप्त्यासाठी अट अशी की चार फेऱ्या झाल्या पाहिजेत, दोन फेऱ्यांत किमान तीन आठवड्यांचं अंतर पाहिजे आणि तपासणी पथकाला भिंतीवर चारही ओळी भरलेल्या दिसल्या पाहिजेत. जूनच्या सुरुवातीला काम चालू झालं असतं तर हे सहज बसलं असतं. पहिला हप्ताच सहा आठवडे उशिरा आला. आम्ही तेरा जुलैला सुरुवात केली. पुढची फेरी तीन ऑगस्टला, त्याच्या पुढची चोवीस ऑगस्टला. चौथी चौदा सप्टेंबरला येत होती, आणि आमचं कंत्राट एकतीस ऑगस्टला संपत होतं.

मधले दोन आठवडे आपल्या घरपट्टीतून भागवू, असा प्रस्ताव नगरपंचायतीने केला होता. घरपट्टी गावाची, वसुलीही गावाने केलेली. पण तिच्यातून माणूस ठेवायचा तर वरची मंजुरी लागते, मग तो दोन आठवड्यांसाठी का असेना. प्रस्ताव गेला, ‘सदर पदे मंजूर आकृतिबंधात नाहीत’, म्हणजे मंजूर पदांच्या यादीतच नाहीत, असा शेरा घेऊन परत आला, खुलाशासह पुन्हा गेला. मंजुरी येणार हे सगळे धरून चालले होते. तेव्हा ठरलं की तिसऱ्या फेरीतच चौथी ओळही भरून ठेवायची. मंजुरी आली की त्या तारखेला खरोखर जायचं. कार्यालयात या नोंदींना आगाऊ तारखा म्हणत. घरभाडं आगाऊ देतात तसं काहीतरी ते वाटायचं, त्यात खोटं आहे असं वाटायचं नाही.

चोवीस ऑगस्टला मी सिंधूताईंच्या भिंतीवर तिसरी ओळ लिहिली, मग चौथी लिहिली. करिष्मा मागे उभी राहून वाचत होती.

“ताई, आज चोवीस ऑगस्ट,” ती म्हणाली. “तुमी चौदा सप्टेंबरले येऊन बी गेल्या?”

मी सांगितलं, ही आगाऊ तारीख आहे. त्या दिवशी येईन.

“अन् निरंक? पाह्यल्याबिगर?”

मी म्हटलं, तू टाकी कोरडी ठेव, म्हणजे निरंकच निघेल.

“तारीख नाही वं ताई, तुमीच आगाऊ,” ती म्हणाली आणि हसली. मीही हसले. चौदाला येतेच, असं मी पुन्हा सांगितलं. त्या दिवशी शिंका तीनच आल्या.

एकतीस ऑगस्टला संध्याकाळी महादेवरावांनी आम्हाला बोलावलं. महादेवराव नगरपंचायतीचे स्वच्छता निरीक्षक, आमच्या कामावरचे प्रमुख. अठ्ठावीस वर्षांची नोकरी, येत्या मार्चमध्ये निवृत्ती. मंजुरी आली नव्हती. पंपाच्या आणि औषधाच्या पावत्यांवर आमच्या सह्या घेत ते म्हणाले की नगरपंचायतीच्या खात्यात पैसा पडून आहे, पण तो चौकातल्या दिव्यांच्या खांबांसाठी आलेला, बंधित आहे. बंधित म्हणजे ज्या कामाला बांधून दिला त्यालाच लागणारा, दुसऱ्या कशाला हात लावता न येणारा.

“निधी बंधित हाये पोरी,” ते मला म्हणाले. “आपण मोकळे.”

सगळे हसले. पुढच्या आठवड्यात मी नागपुरात जरीपटक्यातल्या एका पॅथॉलॉजीच्या संकलन केंद्रात लागले. रक्ताच्या नळ्यांवर नाव, वय, तारीख लिहायचं. चौदा सप्टेंबर मला आठवला नाही असं मी म्हणू शकत नाही. त्या दिवशी सकाळपासून मी एकेका नळीवर तीच तारीख लिहीत होते. दुपारी मनात आलं की संध्याकाळी स्कूटीने जाऊन यावं, निदान त्या एका घरी. केंद्र सुटलं तेव्हा ढग भरून आले होते, आणि मी घरी गेले.

दहा ऑक्टोबरला महादेवरावांचा फोन आला. सिंधूताईची पोरगी काल गेली, ते म्हणाले. डेंग्यू.

मी पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला गेले. घरात माणसं होती. चक्की एका कोपऱ्यात चादर टाकून ठेवलेली. दारात उभी राहिले, तर मला एकही शिंक आली नाही. खोलीत तिखटाचा वासच नव्हता. ते जाणवलं तेव्हा मला आत पाऊल टाकता येईना.

काय झालं ते सिंधूताई येणाऱ्या प्रत्येकाला त्याच क्रमाने सांगत होत्या. तीन तारखेला ताप आला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, रक्त तपासायला सांगितलं. सहाला ताप उतरला. पोरीने खिचडी खाल्ली, केस विंचरले. सात तारखेला पोट दुखायला लागलं, हातपाय थंड पडले. तेव्हा नागपूरला नेलं. या आजारात ताप उतरतो तेव्हाच खरा धोका सुरू होतो, हे मला ठाऊक होतं. आमच्या पत्रकात ते खालून दुसऱ्या ओळीत छापलेलं होतं. चौथ्या फेरीत वाटायची पत्रकं होती ती. त्यांचा गठ्ठा कार्यालयातच राहिला.

खिचडीनंतर सिंधूताई बादल्यांवर येत.

“दोन बादल्या,” त्या म्हणत. “मीच टाकल्या वं. या हातानं.”

हे काय ते मला नंतर महादेवरावांकडून कळलं. डेंग्यूने मृत्यू झाला की चौकशी होते. वरच्या कार्यालयातून एक जण आला, त्याने घर पाहिलं, भिंतीचा फोटो काढला. कूलरच्या टाकीत त्याला अळ्या मिळाल्या. सिंधूताईंनी त्याला सांगितलं की तेरा ते पंधरा सप्टेंबर त्या मिरचीसाठी भिवापूरला होत्या. परत आल्या तर भिंतीवर चौदा तारीख होतीच. टाकीतलं पाणी उपसलेलं नव्हतं, म्हणजे ताई येऊन गेली, औषध टाकून गेली, असं त्या समजल्या. आणि औषधाचं पाणी फेकायचं नाही, हे मीच त्यांना पहिल्या फेरीत शिकवलं होतं. म्हणून त्यांनी पाणी जपलं. चारेक दिवसांनी फार उकडत होतं, कूलर चालवायचा होता, म्हणून दोन बादल्या वरून टाकल्या. चौकशीवाला म्हणाला, त्या पाण्याने औषध पातळ झालं असेल. अहवालात त्याने लिहिलं, ‘दि. १४ सप्टेंबर रोजी गृहभेट झाली असून अळ्या निरंक आढळल्या. तदनंतर कुटुंबाने पाणी साठविल्याचे दिसते.’

म्हणजे माझ्या एका ओळीवर तो अहवाल उभा होता, आणि त्या अहवालावर सिंधूताईंच्या दोन बादल्या.

मी रात्रभर मनाशी मांडणी करून पाहिली. मला तेच शिकवलेलं आहे. अळीचा डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात. डास जन्मतः बहुधा विषाणू घेऊन येत नाही. त्याने आधी एखाद्या आजारी माणसाला चावावं लागतं. सप्टेंबरच्या मध्यावर मागच्या चाळीत दोन जणांना डेंग्यू झाला होता. तिथून पुढे विषाणू डासाच्या अंगात पिकायला आठ ते बारा दिवस, आणि चावल्यापासून ताप यायला चार ते सात. सगळं मिळून तीन ऑक्टोबरच्या जवळ येतं. ही साखळी बसते. बसते म्हणून ती खरी ठरत नाही. डास शेजारच्या गच्चीवरून आला असेल, कॉलेजातून आला असेल. पण चौदाला मी गेले असते तर टाकी उपसली गेली असती, यात शक्यता किती, असं मी स्वतःला विचारलं तर उत्तर एकच येत होतं.

दुसऱ्या दिवशी मी नगरपंचायतीत गेले. मी सिंधूताईंना सांगणार आणि लेखीही देणार, असं महादेवरावांना म्हटलं. त्यांनी खिडकी लावून घेतली. माझ्यावर रागावले नाहीत. एकट्या या घराचं नाही, ते म्हणाले, बाराशे घरांच्या चौथ्या ओळी अशाच भरलेल्या आहेत. पथक येऊन पाहून गेलंय. एक तारीख खोटी निघाली की सगळ्या निघतील. पहिला हप्ताही परत मागतील, आणि तो भरायचा तर गावाच्या घरपट्टीतूनच भरावा लागेल, त्याला मात्र कोणाची मंजुरी लागणार नाही. पुढच्या वर्षीच्या यादीतून चिचवाडीचं नाव जाईल.

“मंग येत्या साली कूलर कोन पाह्यल?” त्यांनी विचारलं. “तू सांग. शिकेल हायेस ना.”

त्यांच्या पेन्शनबद्दल ते काही बोलले नाहीत. मीही बोलले नाही. एकतीसवरून नऊवर आलेला आकडा माझ्या डोळ्यांसमोर होता. त्यांचं चुकत नव्हतं. पुढच्या जुलैत कोणी आलं नाही तर तो आकडा पुन्हा तिशीत जाईल, आणि तेव्हा कोणाच्या घरी काय होईल ते आज सांगता येत नाही. मी तशीच घरी परतले. चार दिवस गेले. पाचव्या दिवशी केंद्रात एका मुलीच्या नळीवर मी वय वीस लिहिलं आणि मॅडमना सुट्टी मागितली.

सिंधूताई एकट्या होत्या. ओट्यावर बसून सुक्या मिरच्यांची देठं खुडत होत्या, पण दळायला काढल्यासारख्या नव्हे, हाताला काहीतरी हवं म्हणून. कूलर खिडकीतून काढून अंगणात उलटा घातलेला. मी त्यांच्यासमोर बसले आणि सांगितलं. चौदाला मी आले नव्हते. ती ओळ मी चोवीस ऑगस्टलाच लिहिली होती. टाकीत औषध कधी पडलंच नाही. त्यामुळे दोन बादल्यांनी काही पातळ झालं नाही, तुमचा त्यात काही दोष नाही.

त्यांचे हात थांबले. त्यांनी भिंतीवरच्या चौकटीकडे पाहिलं.

“म्हनून म्हने,” त्या म्हणाल्या.

मला कळलं नाही. मग त्यांनी सांगितलं. भिवापूरला जायच्या आधी त्या कूलर उपसायला निघाल्या होत्या, तर करिष्माने त्यांना उपसू दिला नाही. मायला ते तेव्हा समजलं नव्हतं. पोरीचा काहीतरी खेळ चालला असेल असं वाटलं होतं.

“म्हने, राहू दे माय. ताई निरंक लिवून गेली ना. येऊ दे चौदाले, तिलेच मोजाले लावतो.” त्यांनी एक देठ खुडलं. “मी परत आली तं इचारलं, आली होती का वं तुही ताई. तं हसली. म्हने, भिंतीवर पाह्य.”

अळ्या तिने माझ्यासाठी ठेवल्या होत्या. मला पकडायला. मी आले की वाटी पुढे करणार होती आणि माझ्या शिंकांसारख्या त्या मोजणार होती. मी आले नाही तरी मायजवळ तिने माझी चुगली केली नाही. कदाचित आज नाही तर उद्या येईल, असं धरून चालली असेल.

मी माफी मागितली. त्यांनी ती घेतली नाही आणि नाकारलीही नाही. आत जाऊन पाण्याचा पेला आणून माझ्यासमोर ठेवला. मी विचारलं, ती ओळ पुसून टाकू का. त्या एकदम माझ्याकडे वळल्या.

“पुसू नको. हे तू मले सांगतलं. आता त्यायले सांग. ज्यायनं माह्या बादल्या लिवल्या, त्यायले.”

मी त्यांना सगळं खरं सांगितलं. लिहून दिलं तर पुढच्या वर्षी गावात तपासायला कोणी येणार नाही. अनुदान जाईल. महादेवराव अडचणीत येतील. त्यांनी ऐकून घेतलं.

“यंदाबी चौदाले कोन आलं होतं?” त्या म्हणाल्या आणि पुन्हा देठं खुडायला लागल्या.

मी तिथून सरळ नगरपंचायतीत गेले. बाहेरच्या बाकावर बसून एका कोऱ्या कागदावर लिहिलं. घर क्रमांक, चौकट, चौथी ओळ, ती कधी आणि कोणत्या कारणाने लिहिली, मंजुरीचा प्रस्ताव कोणत्या शेऱ्यासह परत आला होता. ‘अळ्या निरंक’ ही नोंद निरीक्षणावर आधारित नव्हती, असं लिहिलं. प्रयोगवहीत लिहावं तसं. मग खाली सही केली आणि कागद महादेवरावांच्या टेबलावर ठेवला.

त्यांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला. मला वाटलं, फाडतील. बाहेर चौकात नवीन दिव्याचा खांब उभा करत होते. त्याचा आवाज खोलीत येत होता. त्यांनी ड्रॉवरमधून आवकचा शिक्का काढला, शाईच्या पॅडवर दाबला आणि हात मध्येच थांबवला.

“तारीख नाही टाकली,” ते म्हणाले.

मी पाहिलं. सहीखालची जागा रिकामी होती. त्यांनी स्वतःचं पेन माझ्यापुढे सरकवलं.

मी पेन घेतलं. आज किती तारीख आहे, मी त्यांना विचारलं.